रेघ

प्रबंधात मी लिहिलं होतं:
'नागरीकरणामुळे प्रथम श्रेणीच्या प्रवाहांची
घनता लक्षणीय प्रमाणात घटली आहे.'
पानं तीनशे बारा. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
वाचक तीन:
बेहेरे सर, बाहेरगावचे एक परीक्षक,
आणि टायपिंगच्या चुका शोधणारी माझी आत्या,
जिनं समासात पेन्सिलीनं विचारलं,
म्हणजे ओढे गेले, असंच ना?

हो आत्या. असंच.

मग कपाट उघडून, साड्यांच्या घड्यांत तोंड खुपसून
मी पहिला एपिसोड बोलले,
कारण फैजान म्हणाला, सुती कापड प्रतिध्वनी पिऊन टाकतं.
तरी चौथ्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी आहेच.
ठेवली.
पर्वती पायथ्याचा तोही भूगोल.

चौथ्या एपिसोडला ओढ्याचा आवाज हवा होता.
रात्रीचे दोन. सातारा रस्ता जरा कुठं गप्प झालेला.
चेंबरच्या झाकणाच्या भोकातून
फैजाननं माइक खाली सोडला,
विहिरीत पोहरा सोडावा तसा, हात राखून,
आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवून
स्वतः माझ्या चेहऱ्याकडं बघत बसला.

सोसायटीचा वॉचमन काठी आपटत आला.
काय हरवलंय, मॅडम?
मी हेडफोन त्याला दिले.
बराच वेळ ऐकून तो म्हणाला,
हेच! हेच तर सांगत होतो सगळ्यांना.
पाइप फुटलाय म्हणून दोनदा तक्रार केली.
माणूस आला, वाकून बघितलं,
म्हणाला, इथं लाइनच नाही.

बरोबर होतं त्या माणसाचं.

फिल्म बारा मिनिटांची.
वस्तीत दाखवली, रेशन दुकानाच्या शटरवर,
कारण पांढरी भिंत मिळेना.
शटरच्या पन्हळींवरून निळी रेघ उतरू लागली
टेकडीवरून खाली, थरथरत
(प्रोजेक्टरचं टेबल हलत होतं),
आणि काळोखातून झुंबरबाई म्हणाल्या,
थांबीव गं. रेघ चुकली तुझी.
पाणी तिथनं नव्हतं जात. करंजाच्या अंगानं वळायचं.
गोधड्या धुवायचे मी तिथं,
वाळत घालायचा खडक अलीकडं होता.

पोरं हसली. आज्जी, सॅटेलाइटनं काढलंय ते.

सॅटेलाइटनं धुतल्या का रे गोधड्या?

घरी येऊन जुना नकाशा उलगडला.
नेमकी तिथं घडी.
दुमडून दुमडून कागद विरलेला,
बोटभर जागेत काहीच नाही,
आणि ते बोटभर मी
पट्टी ठेवून सरळ जोडलं होतं.
कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्याच्यासुद्धा.

बांधलेला प्रबंध उसवता येत नाही.
पाचव्या एपिसोडचं पहिलं वाक्य: माझी चूक झाली.
दुसऱ्या वाक्यापासून झुंबरबाई बोलतात,
मधेच नातवाला ओरडतात, तेही आहे.

एका काकांनी कळवलं,
संशोधकानं असं जाहीर कबूल करू नये, विश्वास उडतो.
एकाचा फोन आला:
ताई, तो चेंबरचा एपिसोड काढता का?
फ्लॅट विकायचाय. गिऱ्हाईक तुमचं ऐकतं.
मी विचारलं, तुम्ही ऐकलात?
म्हणाला, ऐकायचंय काय त्यात,
दर पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात येतो की तो.

नाही काढला.

त्याच्या शेवटी चौदा सेकंद मी काहीच बोलत नाही.
नुसतं चेंबर.
फैजान म्हणाला होता, इथं काहीतरी बोल, लोक पळतात.
पळालेच.
श्रोत्यांच्या आलेखात रेघ तिथं धाडकन खाली येते,
कड्यावरून यावी तशी,
आणि मग सपाटीला लागते,
बारीक,
पण तुटत नाही.

एकोणचाळीस जण.
त्यातला एक पहाऱ्यावर असावा,
खुर्ची झाकणाजवळ ओढून.